ऑफिसच्या इमारतीतल्या स्विचना आयपी द्यायचे आहेत? आधी आकडे कागदावर मांडा

स्विचला (कम्प्युटर, फोन, प्रिंटर यांच्या केबली एकमेकांना जोडणाऱ्या खोक्याला) त्याचं काम करायला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, लागत नाही. खोक्यातून काढला, वीज दिली, केबली खोचल्या की तो मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक) बघून फ्रेम, म्हणजे माहितीची पाकिटं, इकडच्या तिकडे पाठवायला लागतो. आयपी लागतो तो तुम्हाला: लॉगिन करायला, पोर्ट बंद-चालू करायला, लॉग वाचायला, कुठला स्विच मेलाय हे मॉनिटरिंगच्या पडद्यावर दिसायला. म्हणून आकडा असा असावा की तो वाचताक्षणी स्विच कुठल्या मजल्यावर आणि कितवा आहे ते कळेल. रात्री अकराला फोन आला की फाईल उघडायला न लागता पाय बरोबर जिन्याकडे वळले पाहिजेत.

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. स्विचवर सहा व्हीलॅन (एकाच स्विचवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली आभासी नेटवर्कं) आहेत म्हणून तो प्रत्येक व्हीलॅनमध्ये स्विचला एकेक आयपी देऊन बसतो. मजल्यावरच्या अ‍ॅक्सेस स्विचला, म्हणजे ज्याला टेबलं जोडलेली असतात त्याला, एकच आयपी पुरतो, तोही मॅनेजमेंटच्या व्हीलॅनमध्ये. बाकीचे व्हीलॅन त्याच्यातून नुसते जातात. जास्तीचे आयपी दिले तर स्विचचं लॉगिनचं पान पाहुण्यांच्या वायफायवरूनही उघडतं, आणि चुकून रूटिंग (एका नेटवर्कमधला माल दुसऱ्यात पोहोचवणं) चालू राहिलं तर फायरवॉलला वळसा घालून एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जायची चोरवाट तयार होते.

आधी मोजणी

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे: तळमजला आणि वर पाच मजले. वरच्या प्रत्येक मजल्यावर ९० टेबलं, तळमजल्यावर ४० माणसं. प्रत्येक मजल्यावर एक रॅक, सर्व्हर रूम तळमजल्यावर.

पोर्ट आणि पत्ते वेगवेगळे मोजा, ही दोन वेगळी गणितं आहेत. टेबलावरचा फोन स्विचला जोडलेला आणि कम्प्युटर फोनच्या मागच्या पोर्टला, म्हणजे स्विचचा पोर्ट एक आणि पत्ते दोन. लॅपटॉप आणि मोबाईल वायफायवर, म्हणजे पोर्ट शून्य आणि पत्ते दोन. एका मजल्याचे पोर्ट असे होतात: ९० टेबलं, ६ वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट, ८ कॅमेरे, ४ प्रिंटर, ३ दरवाज्यांचे कंट्रोलर. एकूण १११. ४८ पोर्टचे दोन स्विच म्हणजे ९६, ते पुरत नाहीत. तीन घेतले की १४४ होतात आणि ३३ मोकळे राहतात. वरच्या पाच मजल्यांचे १५, तळमजल्याचे २, सर्व्हरसाठी २ आणि कोअर (बाकी सगळे स्विच ज्यांना येऊन मिळतात ते) २. एकूण २१ स्विच.

मजला लांबलचक असेल तर मोजणीआधी टेप घेऊन एक फेरी मारा. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे: भिंतीतली पक्की केबल ९० मीटरपर्यंत आणि दोन्ही टोकांच्या पॅच केबली मिळून १०. त्याहून लांबचं टेबल असेल तर त्या मजल्यावर दुसरा रॅक येणार, आणि आकड्यांत त्याची जागा आजच ठेवावी लागणार.

कुठले आकडे घ्यायचे

खाजगी वापरासाठी तीन पट्टे राखलेले आहेत. १९९६ च्या आरएफसी १९१८ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) मध्ये ते नेमून दिले: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. तिरक्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे मास्क: पत्त्याच्या ३२ बिटांपैकी सुरुवातीचे किती पक्के ठरलेले आहेत ते तो सांगतो, आणि तो जितका मोठा तितके पत्ते कमी. पहिल्यात १,६७,७७,२१६ पत्ते आहेत, दुसऱ्यात १०,४८,५७६ आणि तिसऱ्यात ६५,५३६.

इमारतीसाठी १० चा पट्टा घ्या. १९२.१६८.०.क्ष आणि १९२.१६८.१.क्ष घरोघरीच्या राऊटरमध्ये असतात. तेच ऑफिसात वापरले की घरून व्हीपीएन लावणाऱ्याचा लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरच्याच वायफायवर शोधत बसतो, आणि तक्रार येते की व्हीपीएन लागतं पण काही उघडत नाही. १७२.१७.०.० मध्ये डॉकर या सॉफ्टवेअरचं नेहमीचं अंतर्गत नेटवर्क बसतं, तिथेही अशीच टक्कर होते. आणि ११.क्ष किंवा १.१.१.क्ष असे दुसऱ्याच्या मालकीचे सार्वजनिक पत्ते आत वापरायचा मोह पूर्ण टाळा. ते आत चालतात, पण त्या पत्त्यांवरची खरी ठिकाणं तुमच्या लोकांना कधीच दिसत नाहीत.

१० च्या पट्ट्यातही १०.०.० आणि १०.१.० सोडून द्या. ज्याला विचार करायचा कंटाळा असतो तो हेच घेतो, आणि उद्या दुसऱ्या कंपनीशी नेटवर्क जोडायची वेळ आली की दोघांचे आकडे एकच निघतात. आपण १०.२०.०.०/१६ घेऊ. दुसरा आकडा म्हणजे इमारत. पुढची इमारत आली की तिला १०.२१. बाहेरच्या राऊटरला या पूर्ण इमारतीसाठी मग १०.२०.०.०/१६ ही एकच ओळ पुरते.

तिसरा आकडा: मजला आणि काम

तिसऱ्या आकड्याचे दोन भाग करा. दहम स्थानी मजला, एकम स्थानी काम. कामाचे आकडे असे: १ कर्मचाऱ्यांचे कम्प्युटर, २ फोन, ४ प्रिंटर. तिसऱ्या मजल्यावरचे कम्प्युटर १०.२०.३१.०/२४, फोन १०.२०.३२.०/२४, प्रिंटर १०.२०.३४.०/२४. चार प्रिंटरसाठी २५४ पत्ते ही उधळपट्टी वाटेल. वाटू द्या. खाजगी पट्ट्यात पत्ते वाचवून काही मिळत नाही, आणि /२८, /२७ असे तुकडे पाडलेली योजना सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाच वाचता येत नाही.

एकम स्थानी ० मुद्दाम रिकामा ठेवला आहे. तिसऱ्या मजल्यावर माणसं वाढली आणि १०.२०.३१.० भरत आलं, तर शेजारचं १०.२०.३०.० मोकळं आहे. दोन्ही मिळून १०.२०.३०.०/२३ होतं, मास्क २५५.२५५.२५४.०, वापरता येणारे पत्ते ५१०. /२३ ची सुरुवात नेहमी सम आकड्यावर लागते आणि ३०, ४०, ५० हे समच आहेत, म्हणून ही जोडी प्रत्येक मजल्यावर जमते. गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार) १०.२०.३१.१ होता तो तिथेच राहतो. बदलायचा फक्त गेटवेवरचा आणि डीएचसीपीमधला (मशिनांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेतला) मास्क, आणि पूलची, म्हणजे वाटायच्या पत्त्यांच्या साठ्याची, हद्द. जुना मास्क घेऊन बसलेली मशिनं ३० मधल्या मशिनांपर्यंत तोवर गेटवेमार्फत पोहोचतात, त्यामुळे काम थांबत नाही; लीज (पत्ता वापरायची मुदत) नवी झाली की मास्कही नवा येतो. फक्त १०.२०.३०.२५५ आणि १०.२०.३१.० हे दोन पत्ते कुणाला देऊ नका. /२३ मध्ये ते नियमाने चालतात, पण काही जुनी उपकरणं त्यांना ब्रॉडकास्ट किंवा नेटवर्कचा पत्ता समजून अडून बसतात.

आता व्हीलॅनचे क्रमांक. तिसरा आकडा आणि व्हीलॅन एकच ठेवावा असं सगळेच म्हणतात, पण तळमजल्यावर ते फसतं. तळमजला शून्य, कर्मचारी १, म्हणजे व्हीलॅन १. हा तर कारखान्यातून येतानाच सगळ्या पोर्टवर असलेला व्हीलॅन, तिथे कुणालाच ठेवायचं नाही. म्हणून सरळ १०० मिळवा: १०.२०.१.० चा व्हीलॅन १०१, १०.२०.३१.० चा १३१, १०.२०.२००.० चा ३००. व्हीलॅनचे क्रमांक १ ते ४०९४ चालतात आणि सिस्को कंपनीच्या स्विचमध्ये १००२ ते १००५ राखीव आहेत. या पद्धतीने सर्वांत मोठा क्रमांक ३५५ पर्यंतच जाईल, म्हणजे अडचण नाही.

मजल्याला बांधलेल्या नसलेल्या गोष्टी २०० च्या पुढे:

१०.२०.२००.०/२४, व्हीलॅन ३००: स्विचचं मॅनेजमेंट
१०.२०.२०१.०/२४, व्हीलॅन ३०१: सर्व्हर
१०.२०.२०२.०/२४, व्हीलॅन ३०२: नेटवर्क सांभाळणाऱ्यांची मशिनं
१०.२०.२०३.०/२४, व्हीलॅन ३०३: अ‍ॅक्सेस पॉइंटचे स्वतःचे पत्ते
१०.२०.२०५.०/२४, व्हीलॅन ३०५: कॅमेरे
१०.२०.२०६.०/२४, व्हीलॅन ३०६: दरवाज्यांचे कंट्रोलर
१०.२०.२०८.०/२१, व्हीलॅन ३०८: कर्मचाऱ्यांचं वायफाय
१०.२०.२१६.०/२२, व्हीलॅन ३१६: पाहुण्यांचं वायफाय

वायफाय मजल्याप्रमाणे का तोडलं नाही? माणूस बोलत बोलत दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर जातो. मजल्यागणिक सबनेट (एका मास्कमध्ये बसणारा पत्त्यांचा गट) वेगळं असेल तर त्याचा आयपी बदलतो आणि चालू कॉल तुटतो. इमारतीत ४९० माणसं, प्रत्येकाची दोन उपकरणं, म्हणजे ९८०. /२२ मध्ये १०२२ पत्ते बसतात, ते काठोकाठ होईल. /२१ मध्ये २०४६ मिळतात. इथे एक नियम पाळावा लागतो: /२१ ची सुरुवात आठच्या पटीवर (२०८ हे ८ गुणिले २६) आणि /२२ ची चारच्या पटीवर (२१६ हे ४ गुणिले ५४). १०.२०.२१०.०/२१ असं लिहून दिलं तर काही उपकरणं ते नाकारतात. काही मात्र ते गुपचूप २०८ करून घेतात, आणि दुसरा प्रकार जास्त तापदायक.

अ‍ॅक्सेस पॉइंटना स्विचच्या मॅनेजमेंट नेटवर्कमध्ये घेऊ नका. ते छताला, सगळ्यांच्या डोक्यावर लटकलेले असतात. कुणीही स्टुलावर चढून केबल उपसली आणि लॅपटॉपला लावली तर तो थेट स्विचच्या दारात उभा.

एक कबुली द्यायला हवी. मजला ३ चे ३० ते ३९ हे दहा आकडे कुठल्याही एका मास्कमध्ये नेमके बसत नाहीत, कारण मास्कला दोनच्या घातांची भाषा कळते. प्रत्येक मजल्याचं रूटिंग वेगळं करून एकेका ओळीत गुंडाळायचं असेल तर मजल्याला /२० द्यावा लागतो: तळमजला ० ते १५, पहिला १६ ते ३१, दुसरा ३२ ते ४७, तिसरा ४८ ते ६३. तांत्रिकदृष्ट्या हे नेटकं आहे. पण ५२ म्हणजे तिसरा मजला, हे गणित डोक्यात करत कोण बसणार? एका इमारतीत, दोन कोअरवर सगळं येत असताना, ओळी वाचवण्यापेक्षा आकडा वाचता येणं जास्त कामाचं. वीस मजल्यांचा मनोरा असेल तर मात्र घातांच्या पद्धतीकडे वळा, तेही मजल्याला /२१ देऊन (/१६ मध्ये /२० सोळाच बसतात), कारण आपल्या पद्धतीत विसाव्या मजल्यालाच तिसरा आकडा २०० वर जाऊन आपटतो.

स्विचचे पत्ते

१०.२०.२०० मधला शेवटचा आकडा असा ठरवा: १०० अधिक मजला गुणिले १० अधिक स्विचचा क्रमांक. तिसऱ्या मजल्यावरचा दुसरा स्विच १०.२०.२००.१३२. तळमजल्याचा पहिला १०.२०.२००.१०१. पाचव्याचा तिसरा १०.२०.२००.१५३. शेवटी ० असलेला, म्हणजे १३०, त्या मजल्याच्या यूपीएसच्या नेटवर्क कार्डाला. रॅकमध्ये क्रमांक वरून खाली द्यायचा, आणि दुसरा रॅक आला तर त्यातले स्विच ५ पासून. ही पद्धत चौदाव्या मजल्यापर्यंत चालते, पुढे २५५ आडवा येतो.

उरलेल्यांत १ गेटवेला, २ आणि ३ दोन कोअर स्विचना, ४ ते ९ फायरवॉल आणि वायफाय कंट्रोलरना, १० ते १९ मॉनिटरिंग आणि लॉग सर्व्हरना, २१ आणि २२ सर्व्हर रूमच्या स्विचना. ३० ते ९९ मोकळे. गेटवे १ हा दोन्ही कोअरमध्ये व्हीआरआरपी किंवा एचएसआरपीने वाटलेला आभासी पत्ता असतो. एक कोअर बंद पडला तर दुसरा तोच पत्ता उचलतो आणि स्विचवर काही बदलावं लागत नाही. सगळ्या सबनेटमध्ये हीच रीत ठेवा: १ गेटवे, २ आणि ३ कोअर.

तीन स्विच स्टॅक केले असतील तर ते तिघं मिळून एकच स्विच, आयपी एकच: १३१. १३२ आणि १३३ रिकामे सोडा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. स्टॅक कधी ना कधी सुटा होतो.

स्विचचे आयपी हातानेच द्या. डीएचसीपीने दिले आणि डीएचसीपी सर्व्हरच बंद पडला, तर ज्या वेळी स्विचवर जाण्याची सर्वांत जास्त गरज असते नेमकं तेव्हाच त्यांचे पत्ते गेलेले असतात.

पाहुण्यांच्या व्हीलॅनचा गेटवे कोअरवर ठेवू नका, फायरवॉलवर ठेवा. कोअरवर व्हीलॅन ३१६ ला आयपीच नसेल तर पाहुण्याला आतल्या नेटवर्ककडे जायला फायरवॉल सोडून रस्ताच उरत नाही, कोअरवर नियम लिहायला विसरलात तरी.

मोठ्या ठिकाणी मजल्याचा स्विच स्वतःच रूटिंग करतो. तसं असेल तर प्रत्येक स्विचला १०.२०.२५५.० मधून लूपबॅकचा (कुठल्याच एका पोर्टला न बांधलेला) /३२ पत्ता द्या, शेवटचा आकडा तोच १३२ ठेवा, आणि कोअरकडे जाणाऱ्या जोडण्यांना १०.२०.२५०.० मधून /३१ द्या. /३१ मध्ये दोनच पत्ते असतात आणि दोन टोकांच्या जोडणीला तेवढेच लागतात. मजल्यांवरचे १७ स्विच, प्रत्येकाच्या दोन जोडण्या, म्हणजे ३४ जोडण्या आणि ६८ पत्ते. /२४ मध्ये १२८ जोडण्या बसतात.

एक स्विच टेबलावर

मजला ३, स्विच २. रॅकमध्ये चढवण्याआधी टेबलावरच तयार करा. कॉन्सोल केबल (लॅपटॉपवरून स्विचशी थेट बोलायची) लावा. बहुतेक स्विचना वेग ९६०० लागतो. काहीही न केलेले बरेच स्विच १९२.१६८ मधला एखादा ठरलेला पत्ता घेऊन येतात, म्हणून एकाच वेळी दोन नवे स्विच नेटवर्कला लावलेत तर दोघं एकाच पत्त्यावर भांडतात.

१. स्विचला नाव द्या, इमारत-मजला-क्रमांक अशा क्रमाने: २०-०३-०२. पत्त्यातले आकडेच नावात येऊ द्या.

२. त्याला लागणारे व्हीलॅन तयार करा. इथे १३१, १३२, १३४, ३००, ३०३, ३०५, ३०६. अ‍ॅक्सेस पॉइंट वायफायचा माल थेट स्विचवर उतरवत असतील तर ३०८ आणि ३१६ हेही. सगळं कंट्रोलरकडे बोगद्यातून जात असेल तर या दोघांची मजल्यावर गरज नाही.

३. व्हीलॅन ३०० च्या इंटरफेसला १०.२०.२००.१३२, मास्क २५५.२५५.२५५.० द्या. व्हीलॅन १ चा इंटरफेस बंद करा. टेबलावर अपलिंक (कोअरकडे जाणारी जोडणी) नसल्याने ३०० चा इंटरफेस 'डाऊन' दिसेल, घाबरू नका. तो व्हीलॅन तयार असावा लागतो आणि त्यातला किमान एक पोर्ट चालू असावा लागतो, तरच इंटरफेस वर येतो.

४. डिफॉल्ट गेटवे १०.२०.२००.१. सिस्कोमध्ये इथे एक खाच आहे. स्विचवर 'आयपी रूटिंग' चालू असेल तर 'आयपी डिफॉल्ट-गेटवे' ही ओळ कॉन्फिगरेशनमध्ये दिसते, पण तिच्याकडे कुणी पाहत नाही. तेव्हा रूटिंग बंद करा, किंवा ०.०.०.० चा रूट लिहा.

५. अपलिंक पोर्ट ट्रंक (एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन नेणारा) करा आणि त्यावर वरचेच व्हीलॅन सोडा. नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवर क्रमांकाशिवाय आलेला माल ज्यात पडतो तो) कुणीच वापरत नसलेला, ९९९ सारखा, दोन्ही टोकांना तोच. रिकामे पोर्ट ९९८ मध्ये टाकून बंद करा.

६. एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) चालू, टेलनेट (तेच, पण उघड्यावर) बंद. लॉगिन फक्त १०.२०.२०२.० मधून येऊ द्या. सिस्कोच्या यादीत इथे वाइल्डकार्ड, म्हणजे उलटा मास्क लागतं, ०.०.०.२५५, सवयीने २५५.२५५.२५५.० लिहिलंत तर स्वतःलाच बाहेर ठेवून कुलूप लावलंत. वेळ आणि लॉगच्या सर्व्हरचे पत्ते इथेच भरून टाका.

७. सेव्ह करा, पत्त्याची चिठ्ठी स्विचच्या पुढच्या बाजूला चिकटवा, मग रॅकमध्ये चढवा.

रॅकमध्ये लावल्यावर दोन पिंग ('आहेस का?' अशी हाक). पहिला स्विचवरून १०.२०.२००.१ ला. लागला नाही तर ३०० ट्रंकच्या कुठल्यातरी एका टोकाला राहिला आहे, दहातल्या नऊ वेळा कोअरकडच्या. दुसरा पिंग तुमच्या २०२ मधल्या मशिनवरून स्विचला. पहिला लागतो आणि दुसरा नाही, तर गेटवेची ओळ किंवा मास्क बघा.

ट्रंकच्या यादीत नंतर एखादा व्हीलॅन वाढवताना हात जपून चालवा. सिस्कोमध्ये 'अलाउड व्हीलॅन' नंतर 'अ‍ॅड' न लिहिता नुसता ३०६ लिहिला, तर ट्रंकवर ३०६ एकटाच उरतो आणि बाकी सगळे बाहेर जातात, ज्यावरून तुम्ही लॉगिन केलं होतं तो ३०० सुद्धा. म्हणून दुरून काम करताना आधी 'रीलोड इन १०' द्या आणि नीट चालल्याची खात्री होईपर्यंत सेव्ह करू नका. हात कापले गेलेच तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगरेशनवर परत उठतो. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल' द्या, मग सेव्ह.

डीएचसीपी

कर्मचाऱ्यांच्या /२४ मध्ये १ ते ५० हाताने द्यायच्या वस्तूंना, ५१ ते २५० पूल, वरचे चार राखीव. प्रत्येक व्हीलॅनच्या गेटवेवर डीएचसीपी रिले लावावा लागतो, नाहीतर मशिनची हाक त्याच व्हीलॅनमध्ये विरून जाते आणि ते १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतं. तो आकडा दिसला की पत्त्याच्या योजनेत चूक शोधू नका. रिले, ट्रंक किंवा सर्व्हर बघा. डीएचसीपी स्नूपिंग (खोट्या डीएचसीपी सर्व्हरची उत्तरं अडवणं) चालू करणार असाल तर अपलिंकना विश्वासू ठरवायचं विसरू नका, नाहीतर खऱ्या सर्व्हरचीच उत्तरं स्विच फेकून देतो.

लीजचं गणित पाहुण्यांसाठी वेगळं करा. विंडोज सर्व्हरची लीज मुळात ८ दिवसांची असते. रोज १५० नवे पाहुणे आले तर आठ दिवसांत १,२०० पत्ते अडकतात आणि /२२ मध्ये आहेत १०२२. इमारत रिकामी, पूल मात्र भरलेला. शिवाय आजचे मोबाईल वायफायला खरा मॅक अ‍ॅड्रेस न देता बनवलेला देतात आणि काही तो मधूनमधून बदलतात, म्हणजे एकच फोन दोन पत्ते खाऊ शकतो. पाहुण्यांची लीज ४ तास पुरे.

जिथे बिघडतं

चुकीचा मास्क हा सर्वांत फसवा बिघाड, कारण तो बरेच दिवस दिसतच नाही. १०.२०.२००.१३२ ला कुणी /२४ ऐवजी /१६ दिला असं समजा. आता १०.२०.२०२.१५ वरून लॉगिनची मागणी आली तर स्विचला वाटतं, हा तर माझ्याच नेटवर्कमधला आहे. तो गेटवेकडे न जाता व्हीलॅन ३०० मध्येच एआरपीने ('हा आयपी कुणाचा?' असं विचारून) हाका मारत बसतो. कोअरवर प्रॉक्सी एआरपी चालू असेल (सिस्कोमध्ये ते मुळातच चालू असतं) तर कोअर त्याच्या वतीने 'हो, मीच' म्हणतो आणि सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस सुरक्षेच्या तपासणीत प्रॉक्सी एआरपी बंद करायला सांगतात, आणि ज्या स्विचला वर्षभर कुणी हात लावला नव्हता तो गायब होतो. दोष अर्थातच त्या दिवशी काम करणाऱ्याच्या माथी जातो. स्विचच्या एआरपी टेबलमध्ये २०२ चे पत्ते दिसले की मास्क चुकलाय हे पक्कं समजा.

एकच पत्ता दोघांना गेला की लक्षण ठरलेलं: स्विच लागतो, तुटतो, पुन्हा लागतो. गेटवेच्या एआरपी टेबलमध्ये त्या पत्त्यासमोरचा मॅक अ‍ॅड्रेस बदलताना दिसतो. नवा पत्ता देण्याआधी तो मोकळा आहे का हे नुसत्या पिंगवर ठरवू नका. कित्येक मशिनं फायरवॉलमुळे पिंगला उत्तर देत नाहीत. त्याच सबनेटमधून पिंग मारा आणि लगेच एआरपी टेबल बघा. पिंगला उत्तर नाही पण मॅक अ‍ॅड्रेस आलाय, म्हणजे घरात माणूस आहे, दार उघडत नाहीये.

आयपीव्ही६ (आयपीची नवी, लांब पत्त्यांची आवृत्ती) आज वापरणार नसाल तरी त्याची जागा योजनेत लिहून ठेवा. /४८ मिळाला तर त्यात ६५,५३६ सबनेट बसतात, प्रत्येक व्हीलॅनला एक /६४, आणि चौथ्या गटात व्हीलॅनचा क्रमांक आहे तसाच: १३१. तोवर अ‍ॅक्सेस पोर्टवर आरए गार्ड ('मी राऊटर आहे' अशा घोषणा अडवणारा) लावा, कारण मशिनं आयपीव्ही६ चालू ठेवूनच येतात आणि एखादा घरगुती राऊटर लावला की त्याला गेटवे मानायला लागतात.

तक्ता आणि जुन्या नेटवर्कवरून बदली

तक्त्यात प्रत्येक पत्त्यासमोर नाव, मजला, रॅक, मॉडेल, सीरियल क्रमांक, अपलिंक कुठल्या कोअरच्या कुठल्या पोर्टला, आणि तारीख. २१ स्विचला स्प्रेडशीट पुरते. त्यापुढे नेटबॉक्ससारखं साधन घ्या. एक छापील प्रत सर्व्हर रूमच्या दाराला आतून लावा. नेटवर्क बंद पडलं की ज्या सर्व्हरवर तो तक्ता ठेवलाय तोही उघडत नाही, हे बहुतेकांना पहिल्या बिघाडालाच कळतं.

जुनं सगळं १९२.१६८.१.० वर चालू असेल तर एका रात्रीत उलटंपालटं करू नका. आठवडाभर आधी लीज एक तासावर आणा. हाताने पत्ते दिलेल्या वस्तूंची यादी करा: प्रिंटर, हजेरीची यंत्रं, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर. घोटाळा नेहमी यांचाच होतो, कारण त्यांचा पत्ता दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवलेला असतो. पहिल्यांदा फक्त स्विच व्हीलॅन ३०० वर न्या आणि दोन दिवस पाहा. मग सर्वांत कमी गर्दीचा मजला, मग बाकीचे एकेक. जुना गेटवे सगळ्यांत शेवटपर्यंत जिवंत ठेवा. रोज सकाळी त्याचं एआरपी टेबल उघडून कोण कोण अजून तिथे रेंगाळलंय ते बघा, आणि सलग दोन आठवडे ते रिकामं दिसलं की मगच तो काढा.